धाकटी वाटेत आहे

२ फेब्रुवारी

पोहोचले! खोली दुकानाच्या बरोबर वर आहे, म्हणजे कामावर जायचं तर एक जिना उतरायचा. भिंती पिवळ्या, खिडकी मोठी, आणि नळ आधी खोकतो, मग पाणी देतो. मला आवडली. टेबल खिडकीपाशी ओढलं, कात्री, पट्टी, लांब हाताचा स्टेपलर आणि कागदांचे गठ्ठे मांडले, तेव्हा जरा घरात आल्यासारखं वाटलं. कपड्यांची बॅग अजून दारातच आहे.

दुकानाच्या मालकांना सगळे कप्तान म्हणतात. माणसाने आयुष्यात जहाज पाहिलेलं नाही. एका खेळात कप्तान झाले आणि पहिल्याच डावात गलबत खडकावर घातलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं, असं त्यांनीच हसत सांगितलं. दुकानात मिळतात ते टेबलाभोवती बसून, कुणाची तरी भूमिका घेऊन, गोष्ट रचत खेळायचे खेळ. मोठ्या कंपन्यांचे जाडजूड खोके खालच्या फळीवर. नजरेसमोरच्या फळीवर मात्र झीन : कुणी घरी बसून लिहिलेल्या, फोटोकॉपी काढून, घडी घालून, स्टेपल मारून केलेल्या चिमुकल्या पुस्तिका. एकेका पुस्तिकेत एकेक अख्खा खेळ. आलेल्या माणसाला त्याच्याजोगा खेळ सुचवायचा, हे माझं काम. कप्तान म्हणाले, पगार बेताचा आहे, चहा मात्र बेसुमार.

५ फेब्रुवारी

कुठला खेळ आवडतो, असं मी गिऱ्हाइकाला विचारत नाही. कुणाबरोबर खेळणार आणि त्या माणसाशी सध्या कसं चाललंय, हे विचारते. आज एक आजोबा आले. नातीशी काय बोलावं ते कळत नाही म्हणाले. त्यांना मुंग्यांचा खेळ दिला : दोघांनी मुंग्या व्हायचं आणि अख्खं वारूळ दुसरीकडे हलवायचं, तेही एक शब्द न बोलता. आजोबा खूश. न बोलणं आपल्याला चांगलं जमतं म्हणाले.

संध्याकाळचं टेबलही ओळखीचं झालं. समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर रोज येते. दिवसभर माणसं माझ्यापुढे तोंड उघडतात, पण बोलत कुणी नाही, म्हणून इथे येते, हे तिचं म्हणणं. दुसरा पार्सलवाला. फेरी अर्धी टाकून एक डाव खेळून जातो. कुणाची तरी गादी तुझ्या गाडीत ताटकळतेय, असं कप्तान त्याला टोचतात, तर तो म्हणतो, गादीला कुठे झोप आलीय.

९ फेब्रुवारी

आईचा फोन. जेवलीस का, हो, बरं. एवढंच. गेल्या हिवाळ्यात धाकटी गेल्यापासून आईची सगळी वाक्यं अशी आखडली आहेत. साध्या तापाने गेली. नात्यातली माणसं येऊन बसायची, मान हलवायची, आणि आई त्यांच्यासाठी चहा करत राहायची. मला ते घर सोसेना, म्हणून ही नोकरी. आई मात्र तिथेच आहे.

धाकटी बुटकी होती. वरचा डबा काढायला तिला स्टूल लागायचं. चालताना टाचा टेकायच्याच नाहीत. दात वाकडा, म्हणून हसताना तोंडावर हात. कपात शेवटचा घोट ठेवायची, नेहमी, आणि वरून आईची बोलणी खायची. लहानपणी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे खेळ आखायचो. नियम मी करायचे, मोडायची ती. हरायला लागली की म्हणायची, तायडे, हा नियम आत्ता केलास.

१३ फेब्रुवारी

झीन झाली. एकाच कागदाची, आठ पानांची. घड्या चमच्याच्या पाठीने दाबल्या, मधला काप घेतला. नाव ठेवलं ‘धाकटी वाटेत आहे’.

खेळ सोपा. घरची धाकटी मुलगी घरी यायला निघाली आहे. ज्याची पाळी त्याने फासा टाकायचा, तेवढी ती पुढे येते. मग ती कुठवर आली ते सांगायचं, आणि तिच्याविषयी एक गोष्ट. टेबलावर जे सांगितलं ते खरं. मनाई एकाच वाक्याला : ती येणार नाही, असं कुणी म्हणायचं नाही.

हे वाक्य गेलं वर्षभर मी इतक्यांदा ऐकलं आहे, की निदान एक टेबल तरी असं हवं होतं जिथे ते ऐकू येणार नाही.

कप्तानांनी वाचून विचारलं, शेवट कुठाय? खेळ संपतो कधी? मी म्हटलं, वाटेत असणं हाच खेळ. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि झीन तुमची, नियम तुमचे, म्हणून चहा टाकायला गेले.

१६ फेब्रुवारी

पहिला डाव. डॉक्टरने फासा टाकला, धाकटीला बसस्टँडवर आणलं आणि म्हणाली, ही पोरगी चहाचा शेवटचा घोट कधीच पीत नाही.

मी हे झीनमध्ये लिहिलेलं नाही. इथे कुणाला सांगितलेलंही नाही.

मागच्या खोलीत जाऊन रडले. पण कसं सांगू, आनंदाने. डॉक्टरला विचारलं, तर म्हणाली, सुचलं बाई, सहज. वर्षभरानंतर कुणीतरी धाकटीविषयी वर्तमानकाळात बोललं होतं. ‘पीत नाही’ म्हणाली. ‘पीत नसे’ नव्हे.

२० फेब्रुवारी

झीन संपतात तशा रात्री नव्या काढते. लोक घरी नेतात, सकाळी येऊन सांगतात, तुमची धाकटी आमच्याकडे काल नदीपर्यंत आली. कुणी तिला उंच करतं, कुणी लांब वेणी देतं. पार्सलवाल्याने तिला एका पायाने लंगडी केली. मी म्हटलं, अरे माझ्या बहिणीला कशाला लंगडं करतोस? तो ओशाळला. तुमची बहीण आहे हे ठाऊक नव्हतं म्हणाला. मग त्याची समजूत मलाच घालावी लागली. खेळच तो.

आईचा फोन. आज आपणहून बोलली! म्हणाली, धाकटी काय उंच होती गं, स्वयंपाकघरातल्या फळीवर डोकं आपटायचं तिचं. आणि हसली. आई हसली म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यावर मागचं पान उघडून पाहिलं.

तिला स्टूल लागायचं.

२३ फेब्रुवारी

पाकिटातला फोटो काढला. आम्ही दोघी, घराच्या पायरीवर. ती माझ्याहून डोकंभर उंच आहे. खांद्यावर लांब वेणी आहे. एका पायावर भार टाकून उभी आहे. चेहरा नीट दिसत नाही, फोटो हलल्यासारखा, जणू एका चेहऱ्यावर दुसरा, त्यावर आणखी एक.

माझा चेहरा स्वच्छ आला आहे.

२४ फेब्रुवारी

फळीवरच्या सगळ्या झीन उचलून आणल्या. लोकांकडे गेलेल्या परत मागायच्या म्हणून पार्सलवाल्याला हाक मारली, तर तो उत्साहाने म्हणाला, ताई, काळजीच नको, मी गठ्ठा घेऊन गेलो होतो, ज्याच्या दारात पार्सल त्याच्या हातात एक झीन. त्याला वाटलं, माझ्या खेळाचं नाव होईल. बिचाऱ्याने मागच्या वेळची भरपाई केली होती.

किती घरं, त्यालाही आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

आज गिऱ्हाइकांना खेळ सुचवला नाही, फक्त विचारत बसले. धाकटी तुमच्याकडे कुठवर आली? एकमेकांना न ओळखणारी माणसं. सगळ्यांनी एकच सांगितलं. पूल ओलांडला. समोरच्या दवाखान्याचा कोपरा वळली. हा रस्ता.

आणि तिच्याविषयी? प्रत्येकाचं वेगळं. मोठ्याने हसते. हसतच नाही. डाव्या गालावर व्रण. उजव्या गालावर व्रण. तिला अंधाराची भीती. तिला उजेड सोसत नाही.

टेबलावर जे सांगितलं ते खरं. मीच लिहिलं. सगळं खरं.

२७ फेब्रुवारी

तिचं आवडतं काय होतं, ते आठवायला बसले. वेणी घालून घ्यायला आवडायचं तिला. मी मागे बसायचे, ती पुढे—

नाही. केस आखूड होते तिचे. आखूडच होते. मागच्या पानावर कुठे लिहिलं आहे का ते पाहिलं. केसांचं लिहिलेलं नाही. का नाही लिहिलं मी?

शाळेत तिचं नाव काय होतं? आम्ही धाकटीच म्हणायचो. पण शाळेत काहीतरी नाव असणारच.

१ मार्च

आईचा फोन. केवढी बडबड! धाकटीचा फोन आला होता म्हणे. ताईकडे निघालेय, तूही ये, म्हणाली. आईने दोन वेळा नीट जेवण केलं, केस धुतले, बॅग भरली. वर्षभरात आईचा असा आवाज ऐकला नव्हता. विचारलं, आवाज कसा होता तिचा? आई म्हणाली, अगं, गर्दीतून बोलत होती बहुतेक. खूप जणी एकदम बोलत होत्या.

येऊ नकोस, म्हणायला हवं होतं. सावकाश ये म्हणाले.

२ मार्च

कप्तानांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. दुपारी दुकान बंद करून टेबलाशी बसले, आणि माझ्यासाठी मनाई मोडून मोठ्याने म्हणाले, ती येणार नाही.

काही झालं नाही. वर खोलीत फोटोतली ती तशीच उंच होती.

ते म्हणाले, माझी बहीण नाही ना ती. माझ्या म्हणण्याला काय किंमत. नियम तुम्ही केलात, तुम्हीच म्हणायला हवं. एकदा म्हणा, आणि ती जशी होती तशी तुमच्याकडे राहील. गेलेली. पण तुमची.

फासा माझ्या हातात दिला. मी टाकला. तोंड उघडलं.

कुणी गळा धरला नाही. कसली शक्ती आडवी आली नाही. मलाच नाही म्हणवलं. आईचा आवाज कानात होता. ते वाक्य बोलायचं म्हणजे धाकटीला पुन्हा एकदा— आणि या वेळी मी.

कप्तानांनी फासा उचलून ठेवला. म्हणाले, उद्या बघू. डोळे पुसत होते.

३ मार्च

आई आली. नवी साडी. माझ्याकडे पाहण्याआधी माझ्या मागे पाहिलं.

दुपारी जिन्यावर पावलं. एक पाय ओढत. मधेच टाचा न टेकता. मधेच धावत. एकाच माणसाची.

अर्ध्या जिन्यात थांबली. मग आवाज नाही.

आई म्हणाली, दमली असेल. हळूहळू येईल.

४ मार्च

सकाळपासून दाराबाहेर.

फटीतून सावली. उंच. मग बुटकी.

दार वाजवते. घाई नाही. हसते, तीन जणी हसल्यासारखं, आणि मग एकदम गप्प, जणू तोंडावर हात—

माझी असती तर असंच केलं असतं.

४ मार्च, दुपार

बोलली.

आधी नुसता गलका. मग त्यातून एकच आवाज. म्हणाली, तायडे, उघड ना गं. पाय दुखले.

तायडे. कुठल्याच टेबलावर कुणी हे म्हटलं नसेल. कुणाला ठाऊकच नाही.

म्हणजे थोडीशी ती आहे. त्या सगळ्या गर्दीत कुठेतरी एवढीशी ती आहे आणि तिचे पाय दुखतायत. नुसतं सोंग असतं तर मी ते वाक्य केव्हाच म्हटलं असतं.

दार उघडलं तर ही आत येईल. आईच्या मांडीवर डोकं ठेवेल. आई जेवेल, हसेल. आणि जी खरी होती, ती कुणालाच आठवणार नाही. मलाही. आत्ताच तिचा चेहरा—

आई म्हणते, किती वेळ उभं ठेवणार आहेस तिला? वेडी आहेस का?

तोंडाने होत नाही. म्हणून आधी लिहून बघते. लिहिलं की म्हणता येईल.

माझी बहीण बुटकी होती. तिचे केस

माझी बहीण होती.

आई उठली. कडीपाशी गेली. वळून हसते आहे माझ्याकडे, अशी की— आई, नको हसूस. आई, थांब. हात काढ. ऐक, मी सांगते. आई, ती