डोहाळजेवणातला उखाणा

शिंदखेडा

माय, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

फोनवर बोलले की सासूबाईंचे कान दारालाच असतात, म्हणून लिहिते. मी बरी आहे. चक्कर येते, पण रोज नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या सासूबाई मोरीत टाकत होत्या. "पोऱ्या काया व्हई," म्हणे; गोळ्यांनी पोर काळं होतं म्हणून. ताटात भाकरीही अर्धीच, पोर मोठं झालं तर अडेल म्हणून. माझं रक्त किती उतरलंय ते लिहीत नाही, तू रडशील. मी गप्प राहून डोहाळजेवणाची वाट पाहिली.

अख्खी गल्ली जमली. बायांनी उखाण्याचा हट्ट धरला. मी घेतला:

"रक्तवाढीच्या गोळ्या सासूबाई टाकतात मोरीत,
स्वप्नीलरावांच्या बाळासाठी मी जेवते चोरीत."

एकही बाई हसली नाही. सासूबाईंची मान खाली गेली, ती वर आलीच नाही.

आता त्या स्वतः गोळी आणि लिंबूपाणी आणून देतात. मी बाहेर ओट्यावर बसूनच घेते, गल्लीला दिसेल असं. वर म्हणते, लिंबू कमी पडलं.

तुझे गुडघे कसे आहेत? नानांना म्हणावं, मला लवकर न्यायला या. बाळंतपण जळगावला दवाखान्यातच करू.

बाळ पाहायला सासूबाई आपल्या घरी असोद्याला येतील. त्यांच्या ताटात अर्धीच भाकरी वाढ.

तुझी लेक,
दिपमाला