विश्वेशला मराठी येत नाही

तंजावूर, ९ फेब्रुवारी

ती. सांबशिवदादास, कृष्णवेणीचा सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, डावा हात आहे. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये.

परदेशी दूधभुकटी स्वस्तात आत आणणाऱ्या त्या व्यापार कराराविरुद्ध शेजारच्या विनुताच्या दूधसोसायटीतल्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या. शेजारधर्म म्हणून मीही बसले. पोलिसांनी उठा म्हटलं आणि गुडघे धरून उठेपर्यंत लाठ्या सुरूसुद्धा झाल्या. एक मनगटावर बसली. मी मराठीत ओरडून विनुताला सांगितलं, राजवाड्यामागच्या गल्लीतनं बायकांना काढ. म्हटलं, आपली भाषा इथं कुणाच्या बापाला कळते! पण गल्लीच्या तोंडाशी पोलीस आधीच हजर. विनुताचा पाय तिथंच मोडला. त्यांना कळलं कसं, असं ती मला रोज विचारते. चौकशी लागलीय, मला साक्षीला बोलावलंय. फार थकले रे.

तुझा विश्वेश त्या दिवशी बंदोबस्ताला नव्हता ना? हेल्मेटखाली सगळे सारखेच दिसतात.

रागावलास तरी लोभ आहे तसाच ठेव.
कृष्णवेणी

पापनाशम, १३ फेब्रुवारी

चि. कृष्णवेणीस अनेक आशीर्वाद.

रिटायर झालेल्या मास्तरीणबाईंचं रस्त्यावर बसायचं वय उरलंय का? हे रागावणं झालं. आता खरं सांगतो.

विश्वेश तिथेच होता. साहेबानं विचारलं, ती बाई काय ओरडली, कुणाला कळलं का. याच्या तोंडून निघून गेलं. आवाज आत्याचा, हे सांगून झाल्यावर उमगलं म्हणतो. तेव्हापासून पानावर नुसता बसून असतो. मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देतो, म्हणून तू त्याला जन्मभर बोल लावलेस. येत होती गं त्याला. कामाला आली ती अशी.

साक्षीत त्याचं नाव आलं तर साहेब सगळं त्याच्यावरच ढकलेल, नोकरी जाईल. नाव घेऊ नकोस, हे बाप म्हणून मागतो. भाऊ म्हणून मागायला मला तोंड नाही.

हाताला जप. या म्हाताऱ्यावर माया असू दे.
सांबशिव

तंजावूर, २० फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

काल साक्ष झाली. विनुता कुबड्या घेऊन माझ्या शेजारीच बसली होती. अधिकाऱ्यानं विचारलं, पोलिसांत मराठी जाणणारं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का. मी म्हटलं, भाचा पोलिसात आहे, पण त्याला मराठी येत नाही, आमच्या हल्लीच्या पोरांना कुठं येते. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

लहानपणी विश्वेशला मराठी शिव्या शिकवल्या त्या विनुतानंच. मला लाज वाटली दादा, अजून वाटते.

विश्वेशला म्हणावं, जेव. वहिनीस नमस्कार. तुझा लोभ राहील, ते मला ठाऊक आहे.

येताना ऑटोत विनुतानं औषधाच्या दुकानापाशी थांबू या म्हटलं, पाय फार ठणकतोय म्हटलं. बोलायला लागल्यापासून ती माझ्याशी मराठीतच बोलत आलीय. काल सगळं तमिळमध्ये बोलली.

कृष्णवेणी