पट्टा कोणाच्या हातात होता

२४ जून, मंगळवार

त्या सकाळी मी पट्टा सोडला. मी. दुसऱ्या कोणी नाही.

हे एवढं वाक्य वहीत उतरायला दहा दिवस लागले!

बालीतली सहल. रबरी ट्यूबमध्ये बसायचं आणि गाईडबरोबर नदीतून वाहत खाली यायचं. हट्ट आमच्या लेकीचा, उर्जाचा. ती आपल्या वयाच्या मुलांबरोबर पहिल्या तुकडीत पुढे गेली. मागे माझी बायको संपदा, मी आणि आमचा गाईड कादेक. माझ्याच वयाचा असेल, पन्नाशीला टेकलेला. निघण्याआधी त्याने काठावर झावळीचा चिमुकला द्रोण ठेवला. त्यात चार फुलं, वर उदबत्ती. मला फार बरं वाटलं. इंग्रजीत म्हणाला, "नमस्कार इथेच करून घ्या, बापक. पाण्यात हात रिकामे नसतात." बापक म्हणजे त्यांच्याकडचं आदराने हाक मारणं. मी केला नमस्कार.

मग त्याने समजावून सांगितलं – वळणावर ट्यूब एकमेकींना बांधत नाहीत. दोर दगडात अडकला तर माणूस उलटतो. म्हणून हातानेच धरायचं. पुढे संपदा, तिच्या ट्यूबचा पट्टा माझ्या हातात. माझ्या ट्यूबचा कादेकच्या. तो मागून, पाण्यात पाय रोवत, वेग आवरणार.

वळणावर वडासारखं एक झाड आणि त्याखाली काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसवलेलं इवलंसं देऊळ. पाणी त्याच्या पायरीला लागून चाललेलं. माझे हात जुळले. दोन्ही.

संपदाची ट्यूब सरळ दगडांवर गेली.

२५ जून

संपदाचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर अजून महिनाभर. तिची वेणी मी घालतो. आज म्हणाली, "अहो, एवढी घट्ट नका ओढू, दोर वळताय का?" आणि हसली. मला हसता आलं नाही.

२८ जून, शनिवार

काल सगळं लिहायला बसलो आणि उठलो. अपघात झाला हे काही मोठं नाही. मोठं आहे ते नंतरचं.

काठावर त्यांच्या ऑफिसात मॅनेजर बाईंनी विचारलं, काय झालं. उर्जा धावत आली होती, ओल्या कपड्यांत, रडवेली. इथे घरी बोलते तसं मला जर्मनमध्येच विचारलं – कोणी सोडला? संपदाचं तोंड पुढे होतं, तिला मागचं दिसलंच नव्हतं.

मी म्हणालो, "पट्टा गाईडच्या हातात होता."

कादेक दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने सगळं पाहिलं होतं, माझ्या मागे हातभर अंतरावरच तर होता! अंगावरून पाणी निथळत होतं त्याच्या. मग म्हणाला, "माफ करा, बापक."

माझी माफी मागितली त्याने.

२९ जून

का म्हणालो तसं? भीतीने नाही. लाजेने.

गावी शाळेला जायचं तर नावेतून कृष्णा ओलांडावी लागे. आईने शिकवलं होतं, पाय ठेवण्याआधी पाणी डोळ्यांना लावायचं, हात जोडायचे. तेव्हापासून नदी नि देऊळ दिसलं की हात आपोआप जुळतात. इथे परदेशात कारखान्याच्या बसमधून डोनाऊ नदी ओलांडतानाही. उर्जा बरोबर असली की कानाशी येऊन म्हणते, "पापा, बिट्टे! निष्ट हिअर." इथे नको. लोक बघतात.

तर त्या दिवशी तिच्यासमोर सांगायचं होतं, की तुझी आई दगडांवर गेली कारण मी नमस्कार करत होतो. जमलं नाही. देवाचं नाव लपवलं आणि एका गरीब माणसाचं पुढे केलं. आणि देवासमोर सकाळ-संध्याकाळ दिवा लावतोच आहे!

२ जुलै

विम्याचा फॉर्म आला. अपघात कसा घडला – आठ ओळी मोकळ्या. चूक कोणाची असल्यास नाव. उर्जा म्हणाली ती भरेल, माझं जर्मन फॉर्म भरण्याइतकं नाही. भरलासुद्धा. सुवाच्य अक्षर. कादेकचं नाव बरोबर लिहिलं आहे. मी फक्त सही करायची.

"उद्या करतो," म्हणालो.

३ जुलै

उद्या.

५ जुलै, शनिवार

वेणी घालताना संपदाने विचारलं, "त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल हो? मला तर तो किती जपून नेत होता. पायाखालचे दगड सांगत होता एकेक." मी म्हणालो, कंगवा दे. कंगवा माझ्याच हातात होता.

७ जुलै

उर्जाने त्या कंपनीच्या पानावर परीक्षण लिहिलं होतं, आल्याच दिवशी. मला आज दाखवलं. एक तारा. गाईडचं नाव. 'निष्काळजी' हा शब्द दोनदा. खाली कंपनीचं उत्तर आलंय: दिलगीर आहोत, संबंधित गाईड आता आमच्याकडे काम करत नाही.

"गेनाऊ," उर्जा म्हणाली. बरोबरच झालं. ती खुश होती. न्याय झाला असं तिला वाटतं. खोटं बोललेलं तिला खपत नाही – लहानपणापासून. कोणी शिकवलं? मीच.

जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. आणखी एक खोटं.

८ जुलै

पहाटे जाग आली ती त्याच्या पायांच्या आठवणीने. पाण्यात रोवलेले. माझी ट्यूब त्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती. मला एका हाताने धरून दुसरा हात संपदाकडे लांबवला होता. पोचला नाही.

१० जुलै

वाटलं, गुपचूप कंपनीला पत्र पाठवावं. घरात कोणाला कळायला नको. त्याला काम परत मिळेल, माझंही झाकलेलं राहील.

दिव्याजवळ बसून हेच ठरवत होतो! स्वतःचीच किळस आली. उठलो.

१२ जुलै, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी दोघींना सांगितलं. पट्टा, देऊळ, हात, ऑफिस – सगळं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर राहिलंच असतं.

संपदा प्लास्टरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हात मोडला त्याचं काही नाही हो. पण रोज पाठीशी बसून वेणी घालत होतात. तेव्हा बोलला असतात तर?"

मला वाटलं, आता उर्जा जर्मनमध्ये काहीतरी तोडून बोलेल आणि दार आपटेल. ती मराठीत बोलली. किती वर्षांनी!

"बाबा, मी त्यांचं नाव लिहिलं ना पण."

विम्याचा भरलेला फॉर्म तिने फाडला. दुसरा छापून आणला. आठ ओळी मी लिहिल्या, चुकत-माकत, माझ्या जर्मनमध्ये. तिने एकही शब्द सुधारला नाही. सही केली. कंपनीला पत्र गेलं. कादेकला परत घ्या, असं लिहिलं. घेतील की नाही, माहीत नाही.

मग तिने आपलं परीक्षण काढून टाकलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

लिहिलं, 'पट्टा माझ्या हातात होता.' खाली माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.