उशाशी ठेवलेला सदरा

छोटीच्या आईस,

मी खुशाल आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

सिगरेट सोडलीय. खुर्च्यांच्या कारखान्यात सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय. तलफ आली की पॉलिशवाले काका माझ्या हातात पॉलिशपेपर कोंबतात आणि म्हणतात, "घास, तलफ जाईस्तोवर घास." तसं घासून घासून मी एका खुर्चीचे पाय काडीसारखे करून ठेवले. मालक खवळला, तर काका म्हणाले, "मीच सांगितलं होतं." असं कोण करतं गं परक्यासाठी?

तुझ्यापासून लपवत नाही. परवा राहवलं नाही, एक ओढलीच. काकांना सांगितलं, तेव्हा "आज पुन्हा पहिला दिवस," एवढंच बोलले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढलाय. विशेष काही नाही, गुरुवारी पुन्हा बोलावलंय, इतकंच. तुझी कंबर कशी आहे? पाण्याच्या बादल्या एकटी उचलू नकोस.

छोटी अजून माझा जुना सदरा उशाशी घेऊन झोपते का? बाबांचा वास येतो म्हणते, तो सिगरेटचा आहे. सदरा धुऊन टाक.

नको, राहू दे. गुरुवारपर्यंत तरी राहू दे.

तुझाच,
छोटीचा बाबा