बसवली म्हणजे काय केलं

आप्पा,

उद्या मला अदालतीत तुमच्या जागी उभं राहायचं आहे, म्हणून हे लिहिते आहे. मराठीचा उर्दूत तर्जुमा करणारे मुन्शी आजारी आहेत, मुन्सफ हैदराबादहून नवे आलेले, त्यांना मराठी येत नाही, आणि आरोपी बाई आहे. मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरणीला बोलवा, तिचे वडील हेच काम करायचे, असं कुणीतरी सुचवलं. मी हो म्हटलं. मग कागद वाचले.

बाई मेंढरं राखणारी, विधवा. पोखर्णीच्या शिवारात एका मोकळ्या वावरात तिचा कळप धरला. मालकानेच बोलावलं होतं असं ती म्हणते, पण तो मालक त्याच आठवड्यात तापाने गेला. आता त्याचा धाकटा भाऊ म्हणतो, कुणी बोलावलं नव्हतं, बाई आपणहून घुसली आणि कडब्याची गंजी मेंढरांना चारली. कळप कोंडवाड्यात आहे. गुन्हा शाबीत झाला तर त्याचा लिलाव होईल, आणि कळपाखेरीज तिच्यापाशी काही नाही. ठाण्यात लिहून घेतलेल्या इजहारात तिचं एकच वाक्य आहे. ती म्हणाली असणार, ‘मेंढरं वावरात बसवली.’ जमादाराने उर्दूत लिहिलंय, ‘भेडें खेत में बिठा दीं.’ शब्दाला शब्द बरोबर आहे. तरी वाचताना वाटतं, बाईने दुसऱ्याच्या जमिनीवर पहारा बसवावा तशी मेंढरं बसवली. आपल्याकडे वावरात मेंढरं बसवतात ती खतासाठी. शेतकरी बोलावतो, रात्री कळप तिथं थांबतो, बदल्यात धान्य मिळतं. न बोलावता कुणी बसवत नाही. नुसती घुसली तर ती शिरली. हे सगळं मराठीत त्या एका क्रियापदात आहे. उर्दूच्या ‘बिठाना’त ते नाही, आणि ते मी माझ्या पदरचं घालू शकत नाही. ते तुम्हीच मला शिकवलंत.

सेलूचं स्वयंपाकघर आठवतं. आई भाकरी थापते आहे. शेजारच्या पेशकारांच्या घरातल्या खाला दारात येऊन विचारतात, ‘अब्बा कहाँ हैं?’ तुम्ही जेवून आतल्या खोलीत जरा पडला होतात. मी माझ्या नव्या उर्दूच्या तोऱ्यात सांगितलं, ‘अंदर गिरे हैं.’ खाला तशाच धावत गेल्या आणि हकीमसाहेबांना घेऊन आल्या. तुम्ही जागे झालात तेव्हा तुमचा हात त्यांच्या हातात होता आणि ते नाडी मोजत होते. आई हसून हसून भिंतीला टेकली. तुम्ही हसला नाहीत. हकीमसाहेबांना चहा दिलात, निरोप दिलात, आणि मला चुलीपाशी बोलावलंत.

‘हा तांब्या कसा आहे?’

‘उभा.’

‘लाटणं?’

‘आडवं.’

‘आणि मी कसा होतो?’

‘पडलेले.’

‘झाडावरून?’

मी मान खाली घातली. ‘शब्द उचलून इकडचा तिकडे ठेवलास,’ तुम्ही म्हणालात. ‘माणूस कसा आहे ते आधी बघ, मग तोंड उघड. अदालतीत असं बोललीस तर एखादा माणूस आत जाईल. आणि तुझ्या मनातलं एक अक्षर वर घातलंस, तरीही जाईल.’ आई म्हणाली, ‘पोरगी आहे हो, तिला कुठं अदालतीत जायचंय.’ पुढच्या वर्षी मला सर्वांच्या विरोधाला न जुमानता पुण्याला शिकायला पाठवलंत.

तिथं कॉलेजात एक प्राध्यापक होते, जर्मन शिकलेले. ते सांगत की त्या भाषेत बाटली टेबलावर उभी असते आणि पुस्तक पडलेलं असतं; नुसतं ‘आहे’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला अपुरं वाटतं. इंग्रजीत दोन्ही बहुधा नुसतीच असतात. मुली वहीत उतरवून घेत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तांब्या आणि लाटणं होतं, आणि आपलं मराठी, ज्यात घर बसतं, आवाज बसतो, पोर घरी बसते, आणि निघालेला माणूस ‘येतो’ म्हणतो. तेव्हा त्याची मौज वाटायची. आज वाटत नाही. मी मुलींना व्याकरण शिकवते, चुकलं तर उभं करते. उद्या चुकलं तर त्या बाईचा कळप जाईल.

इथवर काल लिहिलं. आता अदालतीच्या ओसरीत बाकावर आहे. सुनावणी झाली, हुकूम द्यायच्या आधी मुन्सफ आत कागद बघतायत. कागद मांडीवर ठेवून लिहिते, म्हणून अक्षर असं आहे.

बाई ठाम उभी होती. मला म्हणाली, ‘बाई, तुमी माजंच बोलायच्या ना?’ मी म्हटलं, ‘तुम्ही बोलाल तेवढंच.’ तिला ते आवडलं नाही. मग सांगू लागली. ‘मालक बांधावर आला. म्हनला, औंदा ह्या अंगाला बसव. आन् येतो म्हनून गेला.’ मी सांगितलं, ‘मालिक मेंड पर आए. कहा, इस साल इस तरफ बिठाओ. फिर “आता हूँ” कहकर चले गए.’ फिर्यादीचे वकील, तेही हैदराबादचे, लगेच उठले. आता हूँ म्हणाला तर परत का आला नाही? मालक आलाच नव्हता, बाई बनाव करते आहे. मी प्रश्न मराठीत केला. बाई वकिलांकडे वळली.

‘येतो म्हनल्यावर कोन येतं का, वकीलसाब? तुमी घरून निघताना काय म्हनता, जातो म्हनता? बायको लाटनं घिऊन मागं लागल की.’

मागे लोक हसले. मी तेही जसंच्या तसं सांगितलं, लाटण्यासकट. मुन्सफांनी ओठ दाबले. पण वकील बसले नाहीत. ‘बिठा दीं’ यावर ते बराच वेळ बोलले. बिठाना म्हणजे कब्जा, बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे. माझ्या जिभेवर सगळं स्पष्टीकरण तयार होतं. मी गप्प राहिले. आप्पा, इतकं अवघड काम मी कधी केलं नाही.

मग मुन्सफांनी धाकट्या भावाला पुढे बोलावलं आणि विचारलं, ‘क्या इससे पहले भी इस औरत की भेडें तुम्हारे खेत में आई थीं?’ मला मराठी करायचं होतं. फिर्याद घुसण्याची, तेव्हा ‘शिरली होती का’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. वकिलांना तेच हवं होतं. ‘बसली होती का’ म्हटलं असतं तर उत्तर मीच हातात दिल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, ‘याच्या आधी हिची मेंढरं तुमच्या वावरात आली होती का?’

तो चिडला. ‘येतील कशी? मेंढरं काय आपून येत्यात व्हय? दरसाल आमीच बसवितो की हिची.’

त्याच्या वकिलांना काही कळलं नाही. मराठी समजणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. मुन्सफांनी माझ्याकडे पाहिलं. ‘क्या कहा?’ मी सांगितलं, ‘कहते हैं, आएँगी कैसे? भेडें क्या अपने आप आती हैं? हर साल हम ही इसकी भेडें बिठाते हैं.’ मुन्सफांनी ‘हम ही’ पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी मला बाईला विचारायला सांगितलं, बसवली म्हणजे काय केलं, ते सविस्तर. ती सांगू लागली: सांजच्याला जाळी ठोकून कळप आत घेतला, पहाटे उठवला, दुसऱ्या दिवशी जाळी पुढे सरकवली, मालकाच्या घरून जवारी आली. भाऊ खाली बघत होता.

मुन्सफांनी आत्ताच आत बोलावून हुकूम वाचला. बाई सुटली. कडब्याचा पुरावा नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘तुमी माज्या बाजूनं बोलल्या का नाय?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ती म्हणाली, ‘मंग कसं काय सुटले?’

तुम्ही आता नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा खरं लिहून ठेवते. ‘आली’ हा शब्द मी न्यायाने निवडला असं कुणालाही सांगेन. पण बोलताना मला ठाऊक होतं की हा माणूस त्या शब्दावर चिडेल. तुम्ही याला तर्जुमा म्हटलं असतं की माझ्या मनातलं अक्षर, हे मला ठरवता येत नाही.

आता रात्र आहे, घरी येऊन हे शेवटचं लिहिते. संध्याकाळी मी तिच्याबरोबर कोंडवाड्यावर गेले. कारकुनाने माझ्यासमोर तिच्या स्वाधीन केलं ते असं: एडका एक. मेंढ्या, ठाण्याच्या पंचनाम्यात होत्या त्यातून एक कमी, ती आत मेली. कोकरं, होती तितकी. जाळी, एका बाजूने फाटलेली. आणि आतच झालेलं एक कोकरू, ज्याची कुठे नोंद नव्हती. नुकतंच उभं राहायला लागलेलं.