कप्पीचे पितळ

…आणि मी अनिकेतच्या हातातून कळशी काढून घेतली. तो ती घेऊन नदीकडे निघाला होता. आता ती माझ्या मांडीवर आहे आणि तिच्यावर कागद टेकवून मी हे लिहीत आहे.

मी, जानकीबाई पांडू उबाळे, वय सदुसष्ट, राहणार सापगाव, तालुका शहापूर. डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

एक. राहते घर मुलगा अनिकेत याचे. मागचा पत्रा गळतो, तोही त्याचाच.

दोन. भट्टी, धातू वितळवायच्या मुशी, चिमटे व साचे सून रत्नप्रभा हिचे. अनिकेतला नोकरी आहे, हिला हात आहे. जुन्या भांड्यांची मोड घेणे तिने बंद करू नये. डोंगर फोडून नवे तांबे काढायला जेवढे जळण लागते, त्याच्या थोड्याशा भागात मोडीच्या पितळेचे पाणी होते. फुटक्या हंड्याचा नळ होतो, नळाची घंटा होते. धातू म्हातारा होत नाही. उकिरड्यावर पडला तर मात्र कोणाचाच राहत नाही.

तीन. भट्टीचा नेम मोडू नये. भांड्यावर नाव घातलेले असेल तर मुशीत जाण्याआधी ते मोठ्याने वाचावे व थोडे थांबावे. चोरीचे असेल, चुकून आले असेल, तर कोणी ओ देईल. हा नेम माझ्या नवऱ्याचा, पांडूचा. बिननावाच्या तुकड्यांना तो नव्हता. १९९१ साली गावातल्या धोंडीने विहिरीच्या कप्पीतले पितळी बुश, म्हणजे आसावर बसणारी नळी, काढून आमच्याकडे मोडीत घातले. त्यावर नाव कुठले? पांडूने ते वितळवले. बुशाशिवाय कप्पी आसावर डगमगू लागली. एका संध्याकाळी दोर घसरला, आणि कळशी ओढणारी आमची लेक पौर्णिमा दोराबरोबर आत गेली ती गेलीच. पांडूने कप्पी उतरवली. तेव्हापासून बाया नदीवर जातात. पुढे तो मरेपर्यंत प्रत्येक तुकडा हातात घेऊन विचारत बसे, "कोनाचा रे तू?" नेम आता सगळ्या तुकड्यांना लागू समजावा.

चार. धोंडीला मी माफ केलेले नाही. या कागदाला साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावले आहे. तो दारात उभा आहे.

"वैनी, मला गो कशाला?"

"तुला ठाव हाय कशाला. बस."

पाच. ही कळशी. विहिरीतून चेपून वर आली. पौर्णिमाचे नाव हिच्यावर पांडूने घातले होते. विहिरीवर कप्पी नाही, तरी दिवस मावळला की ती करकरते. मला ऐकू येते. अनिकेतलाही येते, तो नाय म्हणतो आणि रेडिओ मोठा करतो. माझ्या पश्चात ही कळशी वितळवून तिचे बुश ओतावे, कप्पी परत चढवावी, विहीर चालू करावी. पहिले पाणी धोंडीने ओढावे.

अनिकेत हे कलम पाळणार नाही अशी भीती आहे, म्हणून मघाचे बोलणे लिहून ठेवते.

"आये, नदीत सोडू तिला."

"नदीला पितळ कशाला? बायांना पानी पायजे."

"नाव वाचाया लागंल."

"मग वाच."

"आन् तिनं ओ दिली तर?"

तरी कलम तसेच ठेवते.

सही: जानकीबाई पांडू उबाळे
साक्षीदार: धोंडी रामू, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: सकुबाई वाल्मिक भालेराव, सही
सापगाव, १२ एप्रिल २००३

दुसऱ्या दिवशी, सकाळ. मी मरायची वाट न बघता अनिकेतने भट्टी पेटवली. नाव त्यानेच वाचले. आम्ही थांबलो, नेमापेक्षा जास्त. मग कळशी मुशीत गेली, तिचे बुश झाले, कप्पी चढली. कलम पाचमधले पाणी ओढणे तेवढे बाकी आहे.