सेरुंडिंगची निर्यात

४ एप्रिल
कस्टम्समध्ये दुसऱ्यांची आयात तपासण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर आता देशासाठी काहीतरी. पेपरात आलंय, मलेशियाची आयात फुगलीय, हलाल मालाची निर्यातच तारेल. घरात माल तयार आहे: बायकोचं, रोकियाचं, सेरुंडिंग. मसाल्यात परतून कोरडा केलेला मांसाचा कीस. आमच्या कोटा भारू गावचा अख्खा बाजार तो डोळे मिटून घेतो. तिला प्लॅन सांगितला. म्हणाली, अहो, आधी फाटकाला कडी लावा. उद्या लावतो.

९ एप्रिल
हलालच्या शिक्क्यासाठी अर्ज केला. शिक्का मिळेपर्यंत विक्री बंद, माझा हुकूम. रोकिया म्हणाली, माझ्या हातचं खाताना आजवर कुणी शिक्का मागितला? शिवाय मांस, कांदा, मिरची, सगळं बाहेरच्या देशांतून येतं, मग देशाचं काय वाचणार? बाईला व्हिजन नाही. कडी राहिली.

१७ एप्रिल
ताटांना तेल लावायला ती गवती चहाची ठेचलेली जुडी वापरते. परदेशी गिऱ्हाईक काय म्हणेल! फेकून दिली. इंपोर्टेड ब्रश आणला, दाट, मऊ. रोकियाने विचारलं, केस कशाचे हो? म्हटलं, क्वालिटीचे.

२९ एप्रिल, दुपारी
तपासनीस बाई आल्या. स्वयंपाकघर पाहून खूश. मग ब्रश उचलला, केस चाळवले, खाली ठेवला. डुकराचे, म्हणाल्या. अर्ज नामंजूर. ताटं, कढया, सगळं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीच्या पाण्याने. रोकियाने आपले हातही तसेच धुतले. मला काही वाटलं नाही. डोकं बधिर. ब्रश बदलून पुन्हा अर्ज करीन.

६ मे
बाजारात बोभाटा झाला. जुनी गिऱ्हाईकं रोकियाला पाहून रस्ता बदलतात. ती म्हणाली, माझ्याकडे एक नावच होतं हो, तेही घालवलंत. बहिणीकडे, झैतोनकडे, निघून गेली. तिचं घर नदीपलीकडे, थायलंडात. जाताना फाटक ओढून घेतलं, ते पुन्हा उघडलं. चार दिवसांत येईल.

११ जुलै
आली नाही. आताशा भूकही लागत नाही. तरी कोपऱ्यावरच्या दुकानातून सेरुंडिंगचं पाकीट आणलं. थायलंडचं, हलालचा शिक्का असलेलं. पहिल्याच घासाला हात थांबला. पाकीट उलटून पाहिलं. झैतोनचं नाव, शेजारी गवती चहाच्या जुडीचं चित्र. परत दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काका, हे पलीकडून येतं, कितीही मागवलं तरी पुरत नाही.
म्हणजे निर्यात सुरू झाली. माझी आयडिया बरोबरच होती, फक्त देश चुकला. आणखी दोन पाकिटं घेतली. देशाची आयात तेवढी वाढली.
संध्याकाळी कडी लावायला बसलो. स्क्रू हातात होते. लावली नाही. फाटक उघडंच राहू दे.